मोबाइलमधून दप्तरी दाखल

(ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या एका प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचे शीर्षक 'भ्रमणध्वनी व संगणक यांमधील संचिकांचे हस्तांतरण' असे छापले आहे. शब्द अचूक आहेत. परंतु ते ऐकून एखादा माणूस संगणकाजवळ येण्याऐवजी दोन पावले मागे सरकेल, अशी मला भीती वाटते. तेव्हा मी मोबाइल, केबल आणि फाइल हेच शब्द वापरणार आहे. त्यांतील 'फाइल' या शब्दाबाबत मात्र प्रारंभीच खुलासा केलेला बरा. आपल्या कचेरीत फाइल म्हणजे नस्ती. तिच्यात टिपणी असते, पत्रव्यवहार असतो, पन्नास-शंभर कागद असतात. संगणकाची फाइल म्हणजे एक सुटा कागद, मग तो छायाचित्र असो, पत्र असो वा तक्ता. असे सुटे कागद ज्यात एकत्र ठेवतात त्याला फोल्डर म्हणतात. आपल्या नस्तीचे नाते सांगायचेच तर ते या फोल्डरशी आहे.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो. सेवेच्या अखेरच्या वर्षांत एका गावी दप्तर तपासणीस गेलो असता बंदिस्त गटाराचे एक काम माझ्यासमोर आले. अशा कामात चर खोदावयाचा, तळाशी थर द्यावयाचा, नळ बसवावयाचे आणि वरून माती लोटावयाची. माती लोटली की खाली काय आहे हे सांगण्यास मोजमाप पुस्तिका आणि छायाचित्रे यांखेरीज कोणी साक्षीदार उरत नाही. चर उघडा असताना टेप धरून छायाचित्रे काढली होती, हे सरपंचांपासून शिपायापर्यंत सर्वांनी सांगितले. ती कोठे आहेत असे विचारता उत्तर आले की, मागील ग्रामसेवकांच्या मोबाइलमध्ये. त्यांची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली होती आणि तो मोबाइल पावसात भिजून निकामी झाल्याने त्यांनी नवा घेतला होता. अखेर एका सदस्याच्या व्हॉट्सॲपमध्ये ती छायाचित्रे सापडली. त्यांत चर दिसत होता, टेपही दिसत होती. टेपवरील आकडे मात्र दिसत नव्हते. मोठे करून पाहावे तो पिवळ्या पट्टीवर काळे ठिपके.

ठेकेदार त्याच गावचा, लहान माणूस. मजुरी त्याने उसनवारीने भागविली होती. शेवटी तीन ठिकाणी गटार उकरून खोली मोजली. ती अंदाजपत्रकाबरहुकूम निघाली. त्याचे बिल आठ महिने उशिरा निघाले आणि उकरण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावा यावर पुढे आणखी पत्रव्यवहार झाला. यात कोणी लबाडी केली नव्हती. छायाचित्रे काढणाऱ्याने ती वेळेवर आणि नीट काढली होती. ती मोबाइलमधून कार्यालयाच्या संगणकात आली नाहीत, एवढेच घडले.

कार्यभार सोपविताना आपण जी यादी करतो ती आठवून पाहा. कपाटे, किल्ल्या, शिक्के, नमुन्यांच्या वह्या, धनादेश पुस्तिका, सारे तीत येते. मोबाइल येत नाही, कारण तो स्वतःच्या पैशाने घेतलेला असतो. परंतु त्याच्या पोटात कार्यालयाचे काय काय असते! माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यात 'अभिलेख' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात संगणकाने किंवा अन्य उपकरणाने निर्माण केलेले साहित्यही समाविष्ट आहे. कामाचे छायाचित्र कोणाच्या खिशात आहे यावरून त्याचे स्वरूप बदलत नाही. उपकरण व्यक्तीचे असले तरी त्यातील कामाचा कागद दप्तराचा आहे, आणि तो दप्तरी दाखल झाला पाहिजे. 'दप्तरी दाखल' हे शब्द आपल्याकडे बहुधा एखादे प्रकरण मिटवून टाकताना वापरतात. मी ते त्यांच्या मूळ अर्थाने वापरीत आहे.

ज्या योजनांना स्वतंत्र ॲप आहे तेथे छायाचित्र परस्पर शासनाकडे जाते. ई-पीक पाहणीत २०२१ पासून शेतकरी स्वतःच बांधावरून पिकाचे छायाचित्र पाठवितात. माझे बोलणे उरलेल्या कामांसंबंधी आहे, आणि उरलेली कामेच अधिक असतात. शाळेची कोसळलेली भिंत, ग्रामसभेची उपस्थिती, पाण्याच्या टाकीची गळती, जुन्या जन्मनोंद वहीचे जीर्ण पान, यांसाठी कोणी ॲप केलेले नसते.

आता त्या पुसट टेपकडे वळू. ती पुसट झाली याला छायाचित्रकार जबाबदार नव्हता. मार्ग जबाबदार होता. आजच्या साधारण मोबाइलने काढलेले छायाचित्र तीन ते पाच मेगाबाइटचे असते. व्हॉट्सॲपवर ते नेहमीच्या रीतीने पाठविले की पाठविण्यापूर्वीच त्याचा आकार कमी केला जातो आणि ते काही शे किलोबाइटवर येते. नातवाचा वाढदिवस पाहण्यास तेवढे पुरते, सेंटिमीटरचे आकडे वाचण्यास पुरत नाही. ऑगस्ट २०२३ पासून 'एचडी' असा पर्याय तेथे आला आहे. त्याने चित्र बरे येते, पण तेही मूळ चित्र नव्हे.

हानी एवढ्यावर थांबत नाही. मोबाइल छायाचित्र काढतो तेव्हा चित्राबरोबर एक अदृश्य टाचणही लिहून ठेवतो. त्यात दिनांक, वेळ, मोबाइलची जात आणि स्थाननोंदणी चालू असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. व्हॉट्सॲपच्या नेहमीच्या मार्गाने जाताना हे टाचण गळून पडते. फाइलचे नावही बदलते. अँड्रॉइड मोबाइलवर आलेल्या अशा छायाचित्राच्या नावात 'डब्ल्यूए' ही अक्षरे आणि एक दिनांक असतो. तो छायाचित्र काढल्याचा दिनांक आहे असे समजून पंचनाम्यात लिहिणारे मी पाहिले आहेत. वस्तुतः तो व्हॉट्सॲपवरून आल्या-गेल्याचा असतो. सोमवारी काढलेले छायाचित्र गुरुवारी पाठविले तर नावात गुरुवार येणार. व्हॉट्सॲपखेरीज गत्यंतरच नसेल तेव्हा छायाचित्र 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावे. मग ते जसेच्या तसे, टाचणासह जाते. ही एक गोष्ट जरी आज येथून नेलीत तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी मानीन.

परंतु खरा राजमार्ग केबलचा. यूएसबी या जोडणीचे पहिले प्रमाण जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी छपाईयंत्राला एक खाच, कळफलकाला दुसरी, माउसला तिसरी, असा प्रकार होता. ही एकच खाच सर्वांस चालावी या कल्पनेमागे ज्या अभियंत्यांचे परिश्रम आहेत त्यांत इंटेलचे अजय भट्ट हे प्रमुख होत. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठातून गेलेल्या माणसाची ही करामत आपल्या प्रत्येक टेबलावर आहे, याचा उल्लेख केल्यावाचून मला राहवले नाही.

केबल जोडली, मोबाइलवर चार्जिंगचे चिन्ह आले, पण संगणक मात्र ढिम्म, ही तक्रार मी सर्वांत अधिक ऐकली आहे. तिचे पहिले कारण केबलच्या पोटात असते. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या काही केबलींत माहितीच्या दोन ताराच नसतात. अशा केबलीने मोबाइलची भूक भागते, पण तोंडातून शब्द निघत नाही. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. म्हणून कार्यालयात एक चांगली केबल तपासून घेऊन तिला रंगीत फीत बांधावी आणि ती संगणकाच्या कप्प्याबाहेर जाऊ देऊ नये.

दुसरे कारण मोबाइलच्या सावधपणाचे आहे. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून अँड्रॉइड मोबाइल केबल जोडल्यावर केवळ वीज घेतो. माहिती देण्यास मालकाची आज्ञा लागते. याकरिता मोबाइल कुलूप उघडून हाती घ्यावा, वरची पट्टी खाली ओढावी, यूएसबीविषयीच्या सूचनेवर बोट ठेवावे आणि 'फाइल ट्रान्सफर' निवडावे. लगेच संगणकाच्या 'धिस पीसी' या खिडकीत मोबाइलचे नाव उमटते. ते उघडून अंतर्गत साठ्यात 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर शोधावा आणि त्यातील 'कॅमेरा' उघडावा. 'डीसीआयएम' हे नाव पाहून बिचकू नये; 'डिजिटल कॅमेरा इमेजेस' या शब्दांचे ते लघुरूप आहे. ॲपलच्या मोबाइलवर 'या संगणकावर विश्वास ठेवावा काय' असा प्रश्न येतो, त्यास होकार द्यावा लागतो. त्याची छायाचित्रे बहुधा 'एचईआयसी' या प्रकारची असतात आणि ती कार्यालयातील जुना संगणक उघडत नाही. त्या मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले की पुढची छायाचित्रे नेहमीच्या प्रकारात निघतात.

येथे एका खुबीविषयी सांगितले पाहिजे, कारण तिच्या अज्ञानातून पुष्कळ गोंधळ होतो. पेन ड्राइव्ह लावला की त्याचा सारा साठा संगणकाच्या स्वाधीन होतो. जुने मोबाइलही तसेच वागत. आताचा मोबाइल तसे करीत नाही. अभिलेखपालाने खोलीची किल्ली न देता खिडकीतून मागेल ती एकेक नस्ती द्यावी, तसा तो वागतो. यामुळे दोन गोष्टी संभवतात. नुकतेच काढलेले छायाचित्र कधी कधी यादीत दिसत नाही; केबल काढून पुन्हा लावली की ते दिसते. आणि मोबाइलमधील तक्ता संगणकावरून तेथल्या तेथे उघडून त्यात दुरुस्त्या करणे धोक्याचे असते. आधी तो संगणकात उतरवून घ्यावा, मग हवे ते करावे.

हल्ली 'टाइप-सी' नावाची, दोन्ही बाजूंनी बसणारी खाच सर्वत्र आली आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइलना ती सक्तीची केली. ॲपलनेही सप्टेंबर २०२३ पासून ती स्वीकारली. सोय मोठी झाली. तथापि खाचेचा आकार एक म्हणून वेग एक, असे मात्र नाही. नव्या आकाराच्या खाचेमागेही अनेक मोबाइलांत २००० सालच्या यूएसबी २.० चाच वेग असतो. आपल्या कामास तोही भरपूर आहे.

किती भरपूर ते आकड्यांनी पाहू. समजा, अतिवृष्टीनंतर आपण दोनशे छायाचित्रे काढली. चार मेगाबाइटच्या हिशेबाने ती आठशे मेगाबाइट झाली. केबलीने ती दोन मिनिटांच्या आतबाहेर संगणकात उतरतात. तीच ब्लूटूथने पाठवू गेल्यास जवळजवळ तास लागतो, कारण ब्लूटूथचा व्यवहारातील वेग सेकंदास दोन मेगाबिटच्या आसपास असतो. दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाच्या नावावरून या ब्लूटूथचे नाव ठेवले आहे. एखादे पत्र, एखादी पीडीएफ पाठविण्यास ते उत्तम; पंचनाम्याच्या गठ्ठ्यास नव्हे.

बिनतारी मार्गांत वेगाचा मार्ग म्हणजे वाय-फाय. अँड्रॉइडमधील 'निअरबाय शेअर' या सोयीचे जानेवारी २०२४ मध्ये 'क्विक शेअर' असे नाव झाले. तिचे विंडोज संगणकासाठीचे रूपही विनामूल्य मिळते. 'लोकलसेंड' नावाचे एक मुक्तस्रोत ॲपही याच प्रकारचे काम चोख करते. पुष्कळांचा समज असा की, वाय-फाय म्हणजे इंटरनेट. तो बरोबर नाही. मोबाइल आणि संगणक एकाच वाय-फायवर असतील तर लोकलसेंडने पाठविलेली फाइल खोलीतल्या खोलीत, या यंत्रातून त्या यंत्रात जाते; तिला गावाबाहेर जावे लागत नाही आणि डेटा खर्च होत नाही. जेथे वाय-फाय नाही तेथे मोबाइलचाच हॉटस्पॉट चालू करून संगणक त्यास जोडता येतो. अशा वेळी मोबाइल डेटा बंद ठेवावा. नाही तर आपण छायाचित्रे उतरवीत असता संगणक मागल्या दाराने विंडोजची नवी आवृत्ती उतरवून घेतो आणि दिवसाचा डेटा संपल्याचा संदेश आल्यावर आपल्याला ते कळते!

याउलट ई-मेलने पाठविलेली फाइल शेकडो मैल दूरच्या संगणकात जाऊन पुन्हा आपल्या दोन हातांवरील संगणकात येते. जीमेल एका पत्रास पंचवीस मेगाबाइटची मर्यादा घालते, म्हणजे त्या दोनशे छायाचित्रांना तीस-चाळीस पत्रे लागतील. जेथे रेंज टेकडीवर मिळते तेथे हा मार्ग कोणी सुचवू नये.

आणखी एक सूचना. शेअरइट आणि झेंडर ही ॲप्स एके काळी घरोघरी होती. केंद्र शासनाने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यांत ही दोन्ही होती, कागद स्कॅन करण्याचे कॅमस्कॅनरही होते. जुन्या मोबाइलवर ती कोठे शिल्लक असतील तर काढून टाकावीत. कोणी 'साहेब, हे अजून चालते' असे म्हणून त्यांची प्रत बाहेरून आणून दिली तर ती घेऊ नये.

छायाचित्रे संगणकात आली म्हणजे काम झाले असे नाही. येथे बहुतेकांची एक घाई होते. जागा मोकळी व्हावी म्हणून ते 'कट' करतात, 'कॉपी' करीत नाहीत. केबल हलली, वीज गेली, तर काय आले आणि काय राहिले याचा मेळ लागत नाही. नेहमी 'कॉपी'च करावी. नंतर दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवून पाहावा, जसे आपण रोकडवही आणि पासबुक जुळवितो. पाच-सहा छायाचित्रे उघडून पाहावीत. आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. एवढे झाल्यावरच मोबाइलमधील पुसावे, आणि महत्त्वाच्या प्रकरणात तेही प्रकरण संपेपर्यंत पुसू नये. फोल्डरला नाव देताना वर्ष, महिना, दिवस, गाव आणि विषय या क्रमाने द्यावे. मग यादी आपोआप तारीखवार लागते. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २' अशी नावे असलेले संगणक पाहिले की मला बेवारस टपालाची आठवण होते.

मूळ प्रत शेवटपर्यंत का ठेवावी, याचे एक कारण न्यायालयात दडलेले आहे. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीच्या वादात नामनिर्देशनपत्रे कोणत्या वेळी दाखल झाली हा प्रश्न होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रफीत हा त्यातील महत्त्वाचा पुरावा होता. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी दिलेल्या निर्णयाचा आपल्यापुरता अर्थ असा की, मूळ उपकरणच न्यायालयापुढे ठेवून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही. पण त्यातून काढलेली प्रत दाखल करावयाची असेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. तेथे ते वारंवार मागूनही मिळाले नव्हते, ही गोष्ट आपण कार्यालयीन माणसांनी विशेष लक्षात घ्यावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ अमलात आला. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात उपकरणाच्या तपशिलाबरोबर फाइलचे 'हॅश' मूल्यही लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये एका ठिपक्याचा फरक झाला तरी ठसा बदलतो. केबलीने उतरविलेल्या प्रतीचा आणि मूळ फाइलचा ठसा एकच येतो. आकार कमी करून आलेल्या प्रतीचा येत नाही. हे प्रमाणपत्र कोणास व केव्हा द्यावयाचे ते विधी अधिकारी सांगतील. छायाचित्र कोणत्या मोबाइलने, कोणी, केव्हा काढले आणि कोणत्या दिवशी संगणकात उतरविले, याची चार ओळींची नोंद त्याच फोल्डरमध्ये करून ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे. सहा वर्षांनी ते कोणासही आठवणार नाही.

शेवटी लोकांच्या कागदांविषयी. आपल्याकडे नागरिक आधार, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक यांची छायाचित्रे पाठवितात. आपणही एखाद्या दुकानातील वा केंद्रातील संगणकावर व्हॉट्सॲप उघडून ती छापून घेतो आणि निघून येतो. त्या संगणकाच्या 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये ती तशीच पडून राहतात आणि व्हॉट्सॲपही अनेकदा उघडेच राहते. एका केंद्रावर मी सहज तो फोल्डर उघडला, तर अनोळखी माणसांची कित्येक आधारपत्रे ओळीने मांडलेली! मोबाइलमधील व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस' या यादीत आपण कोठे कोठे उघडे राहिलो आहोत ते दिसते. मी बोलणे थांबवितो तोवर प्रत्येकाने ती यादी एकदा पाहावी. ओळखीचा नसलेला संगणक तीत दिसला तर त्याच्या नावावर बोट ठेवून 'लॉग आउट' करावे.

समोरच्या टेबलावर एक संगणक मांडून ठेवला आहे. चहानंतर प्रत्येकाने आपापली केबल घेऊन यावे. ज्या केबलीत माहितीच्या तारा आहेत त्यांना आपण तांबडी फीत बांधू. बाकीच्या केबली चार्जिंगसाठी घरी न्याव्यात. ज्यांची बदली या महिन्यात झाली आहे त्यांना आधी रांगेत येऊ द्यावे.